नारकोंडमचे धनेश आणि सरकारी हिशेब

अंदमानच्या मुख्य द्वीपमालेपासून पूर्वेकडे शंभराहून अधिक किलोमीटर अंतरावर नारकोंडम नावाचे एक ज्वालामुखीजन्य बेट आहे. क्षेत्रफळ जेमतेम सात चौरस किलोमीटर, शिखर मात्र ७१० मीटर उंच. १९९१ मध्ये पुन्हा जागा झालेला बॅरनचा ज्वालामुखी याच समुद्रात आहे. नारकोंडमचा मात्र शांत आहे. हे बेट मुख्य भूमीला कधीच जोडलेले नव्हते. त्यामुळे तेथे जे जीव पोहोचले ते उडत, तरंगत किंवा माणसाच्या होडीतून.

उडत आलेल्यांपैकी एकाच्या वंशजांना आज जगात दुसरे घर नाही. हा नारकोंडमचा धनेश. १८७३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन करणारे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे, १८८५ मध्ये मुंबईत ज्यांच्या पुढाकाराने काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले, तेच ह्यूम होत. मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते. नर बाहेरून, एका फटीतून, तिला आणि पिलांना फळे भरवतो. नर दगावला तर कुटुंबच संकटात येते. उंबर-वडाच्या जातीची फळे खाऊन हे पक्षी बिया रानभर टाकतात. म्हणजे जे रान त्यांना पोसते त्याची लागवडही तेच करतात.

बेटावर ब्रह्मदेशाचाही दावा होता. १९८६ च्या सागरी सीमा कराराने तो प्रश्न मिटला. त्याच्या कितीतरी आधीपासून तेथे भारतीय पोलिसांची चौकी होती. त्या एकाकी चौकीसाठी मांसाची सोय म्हणून शेळ्या आणल्या गेल्या. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. परंतु शेळ्या रानटी झाल्या, वाढल्या आणि कोवळी रोपे खाऊ लागल्या. मोठी झाडे उभी, खाली नवे झाड नाही, अशी अवस्था येऊ लागली. पुढे वन खात्याला त्या हटवाव्या लागल्या. शेळ्या आणताना पडलेला खर्च किरकोळ असेल. काढण्याचा खर्च मात्र दुसऱ्याच खात्यावर पडला. अर्थशास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात. वर्गात तो कारखान्याच्या धुराने समजावला जातो, शेळीने नव्हे!

नंतर रडारचा प्रश्न उभा राहिला. तटरक्षक दलाला बेटावर निरीक्षण केंद्र आणि शिखराकडे रस्ता हवा होता. पर्यावरण मंत्रालयाने २०१२ मध्ये परवानगी नाकारली. २०१४ मध्ये ती दिली. संरक्षणाची गरज खोटी म्हणता येणार नाही. तथापि केवळ किती झाडे तुटतील एवढेच मोजणे पुरेसे नव्हे. रस्त्यामागून माणसे, बांधकाम साहित्य, उंदीर आणि परक्या वनस्पतींच्या बियाही येतात. २०१९-२० मधील पाहणीत धनेशांची संख्या सुमारे हजार निघाली, ही दिलासा देणारी गोष्ट. तरीही सात चौरस किलोमीटरमधले हजार म्हणजे सर्व भांडवल एकाच पेढीत ठेवण्यासारखे आहे.

म्हणून अशा बेटावर उतरणाऱ्या प्रत्येक जहाजातील मालाची, धान्याच्या पोत्यांपासून वाळूच्या गोण्यांपर्यंत, आधी तपासणी व्हावी; पाळीव जनावर तर एकही उतरू नये. त्याचा खर्च प्रकल्पाच्याच अंदाजपत्रकात दाखवावा, वन खात्याच्या माथी मारू नये.