घसा धरला? आधी टॉर्च घ्या

दिवाळी उरकली की परतूरच्या दवाखान्यांत घशाचे आणि खोकल्याचे पेशंट वाढतात. पहाटे गारठा, दुपारी ऊन, वेचणीच्या कापसाची धूळ, चुलीचा धूर, आणि घराघरात शिरलेली सर्दी. आष्टी, वाटूर, सातोना अशा गावांतली माणसं तालुक्याला येतात ती बहुधा एकच मागणी घेऊन, ‘डॉक्टर, घसा धरलाय, एक सुई मारा.’ त्यातल्या बहुतेकांना सुईची गरज नसते. थोड्यांना मात्र ती खरोखरच हवी असते, आणि ते थोडे ओळखायला फार मोठी यंत्रं लागत नाहीत.

आधी आत काय घडतं ते पाहू. जिभेच्या मुळाशी दोन्ही बाजूंना टॉन्सिलच्या गाठी असतात. हवेतून, अन्नातून येणाऱ्या जंतूंची पहिली गाठ इथंच पडते. जंतू अस्तराला चिकटले की शरीर तिथला रक्तपुरवठा वाढवतं. म्हणून घसा लाल दिसतो, सुजतो. याच वेळी तयार होणारी काही रसायनं मज्जातंतूंची टोकं हुळहुळी करतात आणि साधा आवंढा गिळतानाही टोचतं. म्हणजे दुखणं ही बरीचशी आपल्याच शरीराच्या लढाईची खूण आहे. ‘पडजीभ पडली’ असं आपल्याकडे म्हणतात, तीही बहुधा सुजलेली असते, जागची हललेली नसते. ती बोटाने वर ढकलणं, तिला चुना लावणं किंवा मानेच्या गाठी जोरजोरात चोळणं यातून सूज वाढते, दुसरं काही होत नाही. लहान मुलांच्या टॉन्सिल एरवीही मोठ्या दिसतात. नुसत्या मोठ्या आहेत म्हणून घाबरू नये.

आता हे जंतू कोणते? मोठ्या माणसांत दहातल्या साडेआठ-नऊ वेळा विषाणू, म्हणजे सर्दीचेच भाऊबंद. त्यांच्यावर अँटिबायोटिक चालत नाही. औषध न घेताही आठवड्याभरात दहापैकी आठ जण बरे होतात. ‘तिसऱ्या गोळीला फरक पडला’ असं जे वाटतं, तो फरक बहुतेक वेळा तिसऱ्या दिवसाचा असतो. तो गोळीच्या खात्यात जमा होतो आणि पुढच्या वेळी मेडिकलवर जाऊन तीच गोळी मागितली जाते, तीही तीनच. ज्या पाकिटावर उभी लाल रेघ असते ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नसतं, एवढं तरी प्रत्येकाने पाहून ठेवावं.

उरलेल्यांत महत्त्वाचा जंतू एकच, स्ट्रेप्टोकोकस. 5 ते 15 वर्षांच्या मुलांना तो जास्त धरतो. दुखऱ्या घशाच्या मुलांपैकी साधारण पाव मुलांत तो सापडतो, मोठ्यांत याहून बराच कमी. त्याचा अंदाज घ्यायला 1981 साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी मांडलेली चार लक्षणं आजही उपयोगी पडतात, आणि त्यांना टॉर्च व बोटं पुरतात. ताप 38 अंश सेल्सिअसच्या वर, म्हणजे थर्मामीटरवर साडेशंभरच्या आसपास किंवा जास्त, खोकला नाही, टॉन्सिलवर पांढरे-पिवळे ठिपके, आणि जबड्याखाली पुढच्या बाजूला दुखऱ्या गाठी. उलट नाक वाहतंय, खोकला आहे, डोळे लाल आहेत, आवाज बसलाय, तर तो विषाणूच समजावा. चारही लक्षणं जुळली तरी स्ट्रेप निघतो जेमतेम निम्म्यांत. म्हणून शक्य तिथं घशातला स्वॅब घेऊन तपासणं बरं. रक्ताची ‘एएसओ’ तपासणी मात्र यासाठी नाही. ती पूर्वी कधी तरी जंतू येऊन गेल्याचं सांगते, आज घशात काय आहे ते नाही. नुसता तो आकडा वाढलेला पाहून महिनोन्‌महिने सुया घेतलेली मुलं असतात, आणि ते चुकीचं आहे.

स्ट्रेप असेल तर पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन द्यायचं, तेही पूर्ण 10 दिवस. गंमत अशी की त्याने घशाचं दुखणं लवकर थांबतं ते सरासरी एका दिवसानेही नाही. मग एवढा आग्रह का? तो हृदयासाठी. या जंतूच्या आवरणातली काही प्रथिनं हृदयाच्या पेशींशी मिळतीजुळती असतात. जंतूविरुद्ध तयार झालेली शरीराची फौज काही मुलांत चुकून स्वतःच्याच हृदयावर आणि सांध्यांवर तुटून पडते. घसा बरा होऊन दोन-चार आठवडे उलटलेले असतात, घरचे विसरून गेलेले असतात, आणि गुडघा सुजतो, मग घोटा, ताप येतो, धाप लागते. हा संधिवाताचा ताप. सांधे सुटतात, पण हृदयाची झडप कायमची आखडू शकते. झडप बिघडलेली अनेक माणसं पुढे तरुणपणी धाप लागते म्हणून दवाखान्यात येतात. बाईला तर कित्येकदा पहिल्या बाळंतपणात कळतं. घसा दुखायला लागल्यापासून 9 दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू केलं तरी हे टळू शकतं. म्हणजे एक-दोन दिवस वाट पाहायला, तपासणीचा निकाल यायला पुरेसा वेळ असतो. घाई करून उगाच गोळ्या चारण्याचं कारण उरत नाही, आणि सुरू केलेल्या गोळ्या चौथ्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडण्याचंही.

आपल्या भागात खरी अडचण इथंच येते. दसरा-दिवाळीनंतर जालना जिल्ह्यातली कितीतरी बिऱ्हाडं मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. परवा ट्रक निघणार असेल तर लेकराला 10 दिवस, वेळेवर गोळ्या कोण देणार? अशा वेळी डॉक्टरांना ते स्पष्ट सांगावं. बेंझाथीन पेनिसिलिनचं एकच इंजेक्शन त्या सगळ्या कोर्सचं काम करतं. 27 किलोच्या आतल्या मुलाला 6 लाख युनिट, त्याहून जड असेल तर 12 लाख. पेनिसिलिनची ॲलर्जी नाही ना, हे विचारून, दवाखान्यातच ते घ्यायचं असतं. ‘सुई मारा’ या मागणीला खरा अर्थ आहे तो इथं.

बाकीच्यांनी करायचं काय? अंगदुखी-तापाला पॅरासिटामॉल, मुलांना वजनाप्रमाणे, दर किलोला एका वेळी 10 ते 15 मिलिग्रॅम. मुलांना ॲस्पिरिन नको. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ टाकून गुळण्या कराव्यात, सूज थोडी ओसरते. हळदीचं दूध, आल्याचा काढा, ज्येष्ठमधाची कांडी, यांनी आराम पडतो. जंतू मरत नाहीत, पण आराम हाही उपचारच आहे. मध चालतो, मात्र वर्षाच्या आतल्या बाळाला थेंबभरही नाही. आणि थंड खाल्ल्याने घसा बिघडतो ही भीती अकारण. टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर आइस्क्रीम देतातच की.

काही घसे मात्र घरी ठेवायचेच नसतात. लाळ गिळता येत नाही, तोंड उघडत नाही, श्वास घेताना आवाज येतो, मान एका बाजूला कलली आहे: तडक ग्रामीण रुग्णालय, गरज पडली तर पुढे जालना किंवा छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, पण तोंडातून तो गेलेला नाही. गुटखा-तंबाखू खाणाऱ्याचा घसा किंवा आवाज तीन आठवडे ठीक झाला नाही, विशेषतः एकाच बाजूला दुखून कानात कळ जात असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

आणि घटसर्प. आजीला माहीत असलेला हा आजार संपलेला नाही. टॉन्सिलवर राखाडी पापुद्रा, खरवडला तर रक्त येतं, मान फुगते, ताप फारसा नसतो पण मूल गळून जातं. त्याचं विष हृदय आणि मज्जातंतूंवर जातं आणि त्यावरचा सीरम लवकरात लवकर लागतो. तो पापुद्रा पुसायला जाऊ नका. हा आजार बहुतेक करून ज्यांची लस अर्धवट राहिली त्यांनाच गाठतो. दीड-अडीच महिने आणि साडेतीन महिन्यांचे डोस बहुधा होतात. राहतात ते दीड वर्षाचा, पाच-सहा वर्षांचा, 10 आणि 16 वर्षांचा. तोडीला निघण्याआधी आशाताईंकडून हे तपासून घ्या, राहिलेला डोस निघायच्या आधीच द्या, आणि लसीकरणाचं कार्ड भांड्याकुंड्यांबरोबर ट्रकमध्ये न्या. तिथल्या सरकारी दवाखान्यात पुढचा डोस त्याच कार्डावर, फुकट मिळतो.