Explained: पडद्यावर पाटील, प्रत्यक्षात माळी! निळू फुलेंचा दरारा नेमका कुठून आला?

पेण असो वा रोहा, ग्रामपंचायतीची निवडणूक आली की गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निळू फुलेंचा एखादा मीम हमखास फिरतो. वाडा, धोतर, टोपी आणि ती नजर. पण हा अभिनेता केवळ ‘वाड्यावरचा पाटील’ होता का?

सुरुवात कुठे झाली?

निळू फुले पुण्याचे. नायकाला लागतो तसा देखणा चेहरा नाही, आवाज खरखरीत. राष्ट्र सेवा दलात ते घडले. पुण्यातील लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत त्यांनी माळीकाम केले. सेवा दलाच्या कलापथकातून ते लोकनाट्यात आले. ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या वगनाट्याने त्यांना गावोगावी ओळख दिली. वगात राजा आणि प्रधानाची खिल्ली उडवली जाते. सत्तेचा तोरा कसा दिसतो, हे त्यांनी आधी त्याची टिंगल करता करता टिपले.

खलनायक कधी झाले?

1968 मध्ये अनंत मानेंच्या ‘एक गाव बारा भानगडी’मधून ते पडद्यावर आले. 1972 मध्ये विजय तेंडुलकरांचे ‘सखाराम बाइंडर’ रंगमंचावर आले. नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांना घरी आणून ठेवणारा सखाराम फुलेंनी रंगवला. नाटकावर बंदी आली, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि निकाल नाटकाच्या बाजूने लागला.

‘सामना’ वेगळा का?

जब्बार पटेल दिग्दर्शित ‘सामना’तील साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील आरडाओरडा करत नाही. तो अगत्याने वागतो, पाहुणचार करतो आणि त्याचीच भीती वाटते. मारुती कांबळेचा छडा लावू पाहणारे मास्तर डॉ. श्रीराम लागूंनी साकारले. 1975 मध्ये हा चित्रपट बर्लिन महोत्सवात पोहोचला.

मीममध्ये काय दिसत नाही?

1979 च्या ‘सिंहासन’मध्ये हेच फुले पत्रकार दिगू टिपणीस झाले. मुख्यमंत्रिपदासाठी चाललेला खेळ रोज जवळून पाहणारा आणि शेवटी भ्रमिष्ट होणारा माणूस. पुढे ‘सारांश’सारख्या हिंदी चित्रपटांतही ते दिसले, मात्र पाटलाचा शिक्का पुसला गेला नाही.

प्रत्यक्षात ते अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत आणि सामाजिक कृतज्ञता निधीच्या कामात सक्रिय होते. 1991 मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमी पुरस्कार मिळाला. 13 जुलै 2009 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

आज का पाहावे?

मीममधला पाटील हसवतो. ‘सामना’तला पाटील मात्र ओळखीचा वाटतो. तो उपकार करतो, लोक गप्प बसतात आणि प्रश्न विचारणारा एकटा पडतो. ज्या सत्तेविरुद्ध फुले आयुष्यभर उभे राहिले, तिचा खरा चेहरा त्यांनी स्वतःच्या चेहऱ्यावर दाखवला. म्हणून पुढचा मीम फॉरवर्ड करण्याआधी एकदा ‘सामना’ नक्की पाहा.