ल्यूपसच्या रुग्णाचा ताप अंगावर काढू नका

घरात ल्यूपसचा रुग्ण असेल, मग ती तरुण सून असो वा साठी ओलांडलेले आपण स्वतः, एक गोष्ट मनाशी पक्की करावी. या रुग्णाचा ताप डॉक्टरांनी तपासल्याखेरीज ‘साधा’ मानायचा नाही.

ल्यूपस म्हणजे कुंपणानेच शेत खाण्याचा प्रकार. शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच सांध्यांवर, त्वचेवर, मूत्रपिंडांवर उलटते. तिला आवर घालण्यासाठी प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइड, अझाथायोप्रीन, मायकोफिनोलेट किंवा सायक्लोफॉस्फमाइड ही औषधे दिली जातात. त्यांनी आजार आटोक्यात येतो. पण जंतूंविरुद्धची राखणही सैल पडते. प्रेडनिसोलोन रोज २० मिलिग्रॅम वा अधिक, असे दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ चालू असेल, तर प्रतिकारशक्ती बरीच दबली आहे असे आम्ही धरून चालतो. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनमुळे मात्र प्रतिकारशक्ती अशी दबत नाही. संसर्गाच्या भीतीने ते सोडू नये.

स्टेरॉइड ताप आणि सूज दोन्ही झाकते. वार्धक्यातही ताप फारसा चढत नाही. म्हणून थर्मामीटरवर १००.४ अंश फॅरनहाइट दिसले, किंवा ताप नसतानाही हुडहुडी, धाप, लघवीची जळजळ, अकस्मात गुंगी वा असंबद्ध बोलणे आढळले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. धाप लागली वा शुद्ध हरपू लागली, तर थेट रुग्णालयात न्यावे. पॅरासिटामॉलने ताप उतरला म्हणून स्वस्थ बसू नये. मागच्या आजारातली उरलेली अँटिबायोटिकची गोळीही देऊ नये.

ल्यूपस बळावला तरीही ताप येतो. तेव्हा औषध वाढवावे लागते. संसर्ग असेल तर काही औषधे थोडे दिवस थांबवावी लागतात. दोन्ही उपाय परस्परविरुद्ध आहेत. रक्त, लघवी आणि छातीचा एक्स-रे पाहूनच हा निवाडा होतो, घरी अंदाजाने नव्हे.

स्टेरॉइड तर स्वतःहून एकाएकी कधीच बंद करू नये. दीर्घकाळ गोळी घेतल्याने मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी सुस्तावलेल्या असतात. अशात गोळी थांबली, तर रक्तदाब कोसळून जीव धोक्यात येऊ शकतो. आजारपणात कित्येकदा डोस उलट वाढवावा लागतो.

आपल्याकडे दोन संसर्गांची विशेष आठवण ठेवावी. पहिला क्षयरोग. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, घटते वजन दिसल्यास बेडका तपासून घ्यावा. घरात पूर्वी कोणाला क्षय झाला असेल, तर उपचार सुरू होण्याआधीच डॉक्टरांना सांगावे. दुसरी नागीण. तिचे तोंड-शेपूट जुळण्याची भीती निराधार आहे. पण गेरूचा लेप लावण्यात दिवस दवडू नयेत. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूविरोधी औषध सुरू झालेले उत्तम.

लसींविषयी संकोच नको. फ्लूची वार्षिक टोचून घ्यायची लस व न्यूमोनियाची लस जिवंत जंतूंची नसते. ती शक्यतो उपचारांपूर्वी किंवा आजार शांत असताना घ्यावी. घरातल्यांनीही फ्लूची लस घ्यावी. गोवर-गालगुंड-रुबेला, पीतज्वर अशा जिवंत लसी मात्र या औषधांच्या काळात रुग्णाला वर्ज्य. नातवंडाला पोलिओचे थेंब दिले असतील, तर त्याचे लंगोट रुग्णाने बदलू नयेत. बदलणाऱ्याने हात साबणाने धुवावेत.

‘प्रतिकारशक्ती वाढवणारी’ चूर्णे व काढे डॉक्टरांना विचारल्याविना देऊ नका. इथे ती शक्ती कमी पडलेली नसून वाट चुकलेली असते.

शेवटी एक छोटे काम आजच करा. चालू औषधे, त्यांचे डोस आणि तज्ज्ञांचा दूरध्वनी क्रमांक एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून तो थर्मामीटरजवळ ठेवा. अपरात्री अनोळखी डॉक्टरांसमोर उभे राहावे लागले, तर तो कागद आधी त्यांच्या हाती द्या.