शुद्ध पाणी आणि उरलेला गाळ



ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ हे व्याख्यान योजिले आहे, ते आम्हांला विज्ञान शिकवताना एक प्रश्न वारंवार विचारीत : "ते गेले कुठे?" मेणबत्ती जळाली, मीठ विरघळले, डबके आटले, की हा प्रश्न ठरलेला. त्याच प्रश्नाच्या आधाराने आज मी आपल्या शहराच्या सांडपाण्याविषयी बोलणार आहे.

सयाजीराव महाराजांनी १८९० च्या दशकाच्या आरंभी आजव्याचे सरोवर पूर्ण करून बडोद्यात नळाचे पाणी आणले, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. वापरलेले पाणी पुढे कोठे जाते, याची चौकशी मात्र आपण क्वचितच करतो. ते अटलादरा, गाजरावाडी, तरसाली, कपुराई अशा ठिकाणच्या शुद्धीकरण केंद्रांत जाते. शहर वाढते तशी ही केंद्रेही वाढवावी लागतात, आणि विस्ताराची चर्चा बहुधा एकाच आकड्यावर थांबते : दिवसाला किती दशलक्ष लिटर पाणी शुद्ध होणार?

हा आकडा अर्धाच आहे. शुद्धीकरणाने मळ नाहीसा होत नाही. त्याचा मोठा भाग पाण्यापासून वेगळा होतो, एवढेच. प्रथम जड कण टाकीच्या तळाशी बसू दिले जातात. नंतर पाण्यात हवा सोडून सूक्ष्म जीवाणू वाढविले जातात. ते विरघळलेली घाण खातात आणि स्वतःच गाळ होऊन तळाशी बसतात. १९१४ साली मँचेस्टर येथे सिद्ध झालेली ही सक्रिय गाळ पद्धत आज जगभर वापरात आहे. पाणी जितके अधिक स्वच्छ करावे, तितका गाळ अधिक निघतो.

याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत मी एका लहान नगराच्या केंद्रावर होतो. पाण्याच्या टाक्या वाढविल्या होत्या, गाळ वाळविण्याचे वाफे मात्र जुनेच होते. पावसाळ्यात वाफे भरले, गाळ वाळेना, आणि एका रात्री तो ओढ्यात सोडण्यात आला. दिवसभर शुद्ध केलेल्या पाण्याची मेहनत तासाभरात वाया गेली. त्या दिवसाच्या नोंदवहीत पाण्याचा दर्जा 'समाधानकारक' असे लिहिले होते आणि खाली सही माझी होती. गुरुजींचा प्रश्न त्या रात्री मला विचारता आला नाही, याची खंत आजही आहे.

म्हणून विस्ताराचा आराखडा गाळापासून सुरू व्हावा. त्याचे गणित सोपे आहे. शंभर लिटर गाळात दोन किलो घन पदार्थ आहेत असे समजा; उरलेले जवळजवळ सारे पाणीच. ते प्रमाण चार टक्क्यांवर नेले, तर गाळ पन्नास लिटर उरतो. वीस टक्क्यांवर नेले, तर अवघा दहा. घट्ट केलेला गाळ बंद पाचक टाकीत सुमारे ३५ अंश तापमानाला वीसेक दिवस ठेवला, की त्यातील सेंद्रिय भाग निम्म्याच्या आसपास घटतो आणि मिथेनयुक्त वायू मिळतो. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात १८९७ सालीच असा वायू मिळविला गेला होता. सुरतेच्या महानगरपालिकेने आंजणा येथील केंद्रात याच वायूपासून वीज निर्माण केली. पाण्यात हवा सोडणाऱ्या यंत्रांना मोठी वीज लागते. तिचा काही भाग गाळच भागवू शकतो.

पचलेला गाळ उत्तम खत आहे. परंतु त्यात रोगजंतू आणि जंतांची चिवट अंडी राहू शकतात. येथे बडोद्याचे नाव अभिमानाने घ्यावे असे आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने १९९२ साली गाजरावाडी येथे दिवसाला सुमारे ११० घनमीटर गाळ निर्जंतुक करू शकणारा संशोधन प्रकल्प सुरू केला; त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळून 'श्री' हा शब्द होतो. कोबाल्ट-६० मधून निघणारे गॅमा किरण जंतूंना निकामी करतात. त्यामुळे गाळ किरणोत्सर्गी होत नाही. कोबाल्टची शक्ती मात्र सुमारे सव्वापाच वर्षांत निम्मी होते, म्हणून त्यात भर घालावी लागते. याच तत्त्वावर २०१९ साली अहमदाबादेत दररोज १०० टन वाळलेल्या गाळाच्या क्षमतेचा प्रकल्प उभा राहिला.

तथापि किरणांनी जंतू मरतात. शिसे, क्रोमियम, कॅडमियम हे जड धातू जसेच्या तसे राहतात. बडोद्याच्या परिसरातील कारखान्यांचे सांडपाणी महीच्या मुखाकडे नेणारा सुमारे ५५ किलोमीटरचा स्वतंत्र कालवा १९८३ पासून आहे, त्याचे महत्त्व येथे कळते. धातूंना मुलामा देणाऱ्या एखाद्या लहान कारखान्याने शहराच्या गटारात चोरून सोडलेले पाणी साऱ्या केंद्राचा गाळ शेतीसाठी निरुपयोगी करू शकते. आपल्या घरातून मोरीत ओतलेले रंग आणि रसायनेही त्याच वाटेने जातात.

या सभागृहात अभियंते आहेत, व्यापारी आहेत, कदाचित उद्याचे नगरसेवकही असतील. नव्या केंद्राचा आराखडा आपल्यासमोर येईल, तेव्हा किती पाणी शुद्ध होणार हे अवश्य विचारावे. आणि त्यानंतर, गाळाकडे बोट दाखवून, गुरुजींचा प्रश्नही विचारावा. उत्तर मिळेपर्यंत सही करू नये, एवढीच माझी विनंती.