पुनःप्रवेश, अवकाशीय अवशेषांचा

पृथ्वीभोवती फिरत राहिलेले निकामी उपग्रह व अग्निबाणांचे रिकामे टप्पे वातावरणात परत शिरतात, त्या क्रियेस पुनःप्रवेश म्हणतात. रात्री ती सावकाश सरकणाऱ्या व तुटत जाणाऱ्या तेजस्वी रेघांच्या रूपाने दिसते. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या सायंकाळी पावणेआठच्या सुमारास, उत्तर महाराष्ट्र व विदर्भ येथून असा देखावा दिसला. त्यानंतर चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी येथे सु. ३ मी. व्यासाचे धातूचे कडे आणि तालुक्यात अन्यत्र पोकळ गोळे सापडले. जीवितहानी झाली नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चिनी ‘चांगझेंग-३ बी’ अग्निबाणाचा हा तिसरा टप्पा असावा, असे ज्योतिर्विद जोनाथन मॅकडॉवेल यांनी कक्षेच्या नोंदींवरून दाखविले.

अनेकांना तो उल्कापात वाटला. तथापि उल्का सेकंदास ११ ते ७२ किमी. वेगाने येते व बहुधा क्षणार्धात विझते. अवशेषाचा वेग सु. ७·८ किमी. असतो आणि तो जवळजवळ आडवा उतरतो. म्हणून त्याचा प्रकाश मिनिटभर वा अधिक काळ टिकतो. उष्णता मुख्यतः घर्षणाने निर्माण होते ही समजूत बरोबर नाही. वस्तूच्या पुढची हवा एकाएकी दाबली गेल्याने ती तापते. ॲल्युमिनियम सु. ६६०° से.ला वितळते, टिटॅनियम सु. १,६७०° से.पर्यंत टिकते. इंधनव्यवस्थेतील दाबयुक्त वायूच्या टाक्या उष्णतारोधी द्रव्यांच्या आणि आकारमानाच्या मानाने हलक्या असल्याने पुष्कळदा जमिनीपर्यंत शाबूत पोहोचतात.

ध्रुवीय प्रकाशात मात्र कोणतीच वस्तू जळत नाही. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून वेगाने उतरणारे इलेक्ट्रॉन सु. १०० किमी.च्या वरच्या विरळ हवेतील ऑक्सिजन व नायट्रोजन यांना उद्दीपित करतात, त्यातून हिरवा वा तांबडा प्रकाश बाहेर पडतो. तो ध्रुवांभोवतीच्या पट्ट्यात दिसतो, विदर्भात नव्हे. तरीही या दोन घटनांचा सूर्याशी समान संबंध आहे. ज्या सौर वादळांनी ध्रुवीय प्रकाश उजळतो, त्यांनीच उच्च वातावरण तापून फुगते व कक्षेतील वस्तूंना होणारा रोध वाढतो. वाढत्या सौर क्रियाशीलतेमुळे ‘स्कायलॅब’ हे अवकाशस्थानक अपेक्षेहून लवकर, ११ जुलै १९७९ रोजी, पश्चिम ऑस्ट्रेलियात कोसळले.

हवेच्या या बदलत्या घनतेमुळेच अनियंत्रित अवशेषाचे पतनस्थान आधी निश्चित सांगता येत नाही. वेळेत एका मिनिटाची चूक म्हणजे स्थानात सु. ४७० किमी.ची चूक, जळगाव ते सिंदेवाही हे सरळ अंतरही याहून कमी आहे. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार भूपृष्ठावरील हानीची भरपाई प्रक्षेपक राष्ट्राने दोष सिद्ध न होताही द्यावयाची असते. किरणोत्सर्गी इंधन असलेला ‘कॉसमॉस ९५४’ हा उपग्रह जानेवारी १९७८ मध्ये कॅनडात पडला, तेव्हा सोव्हिएट संघाने पुढे १९८१ मध्ये ३० लक्ष कॅनडियन डॉलर दिले.