कंबरेची शस्त्रक्रिया : करावी की थांबावे?

दुखणे नवे असते तेव्हा घरातील सर्व माणसे त्याची विचारपूस करतात. तेच जुने झाले की ते एकट्या रोग्याचे होऊन राहते. कंबरेतून निघून मांडीच्या मागील बाजूने पोटरीत आणि तेथून थेट पावलापर्यंत उतरणारी कळ हे असेच एक दुखणे आहे. बाहेरून पाहणाऱ्याला सूज दिसत नाही की जखम दिसत नाही. रोगी मात्र बसला तर उठू शकत नाही, उभा राहिला तर त्याला बसावेसे वाटते, आणि रात्री कोणत्या कुशीवर निजावे हा त्याच्यापुढे रोजचा प्रश्न असतो. असे महिने लोटतात. मग एके दिवशी डॉक्टर शस्त्रक्रियेचे नाव काढतात आणि साऱ्या घराची झोप उडते.

अशा वेळी सल्ल्यांना तोटा नसतो. कोणाचा मेहुणा आठवड्याभरात चालू लागलेला असतो, तर कोणाची आत्या शस्त्रक्रियेनंतरही अंथरुणातच असते. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. परंतु दोन्ही दुसऱ्यांच्या कंबरेच्या आहेत. आपल्या कंबरेविषयी निर्णय घ्यावयाचा तर आपल्या दुखण्याचे स्वरूप आधी समजून घेतले पाहिजे. वाचकहो, त्यासाठीच हा लेखप्रपंच.

जबलपूरसारख्या शहरात हा प्रश्न घरोघरी परिचयाचा आहे. १९०४ साली येथे तोफगाड्यांचा कारखाना सुरू झाला आणि १९६९ मध्ये लष्करी वाहनांचा. रेल्वेचे हे मोठे केंद्र असून २००३ पासून पश्चिम-मध्य रेल्वेचे मुख्यालय येथेच आहे. वजन उचलणारे, तासन्‌तास वाकून काम करणारे, यंत्रापुढे उभे राहणारे आणि विड्या वळीत एकाच जागी बसणारे असे हजारो हात येथे राबत आले आहेत. हात राबतात तेव्हा त्यांचा भार कंबर वाहत असते, आणि ती अडली म्हणजे घराची मिळकतही अडते.

दुखण्याचे मूळ

आपल्या कण्यातील दोन मणक्यांमध्ये कूर्चेची एक गादी असते. तिचे बाहेरील वेष्टण चिवट व आतील गर मऊ असतो. वयाने, श्रमाने किंवा एखाद्या झटक्याने वेष्टणाला चीर पडते आणि गर बाहेर येतो. कंबरेच्या खालच्या भागात पायाकडे जाणारे मज्जातंतू याच जागेतून बाहेर पडतात. त्यांपैकी एखाद्यावर गर दाबला गेला की कंबर सोडून पायच अधिक दुखू लागतो. आपण म्हणतो, नस दबली. आयुर्वेदाने या व्याधीला गृध्रसी हे नाव दिले असून चरकसंहितेत वातविकारांमध्ये तिचा उल्लेख आहे. इटलीतील डोमेनिको कोतुन्यो या वैद्याने १७६४ साली या दुखण्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि ते मज्जातंतूशी जोडले. पण तंतूला इजा नेमकी कशाने होते, हे पुढे दीडशे वर्षांहून अधिक काळ उलगडले नव्हते. बोस्टन येथील मिक्स्टर व बार या दोन शल्यविशारदांनी १९३४ मध्ये निबंध प्रसिद्ध करून फाटलेल्या गादीकडे बोट दाखविले, आणि तेव्हापासून या शस्त्रक्रियेचा प्रसार झाला. आपल्याकडे वेल्लोर येथे डॉ. जेकब चांडी यांनी १९४९ मध्ये आणि मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. राम गिंडे यांनी १९५१ मध्ये मज्जाशल्यचिकित्सेचा पाया घातला.

निसर्गाचे काम

येथे एक आश्वासक गोष्ट सांगितली पाहिजे. बाहेर आलेला गर शरीर परका समजते आणि रक्तातील भक्षक पेशी त्याला हळूहळू खाऊन टाकतात. मोठा तुकडा बाहेर पडला असेल तर तो आकसण्याचा संभव उलट अधिक असतो. म्हणूनच नव्या दुखण्यातील बहुसंख्य रोगी सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रक्रियेवाचून बरेच सुधारतात.

या काळात रोग्याला फळीवर निजवून ठेवण्याची आपल्या घरांतील जुनी रीत आहे. १९९९ साली नेदरलँड्समध्ये १८३ रोग्यांवर झालेल्या प्रयोगात असे आढळले की अंथरुणात पडून राहणाऱ्यांना इतरांहून काही अधिक लाभ झाला नाही. तेव्हा झेपेल तेवढे चालावे, डॉक्टरांच्या सल्ल्याने वेदनाशामक घ्यावे आणि व्यायाम शिकविणाऱ्या तज्ज्ञाकडे जावे. कण्यात दिलेले इंजेक्शन काहींना काही आठवड्यांचा आराम देते. तो बहुधा तात्पुरता असतो. पाठीवर पाय देऊन किंवा हिसका मारून गादी बसवून देतो म्हणणाऱ्यांपासून मात्र दूर राहावे.

चित्र आणि रोगी

आजकाल प्रत्येकाच्या हाती एम. आर. आय. चे पाकीट असते. अहवालात गादी झिजली, गादी फुगली असे शब्द वाचून माणसाचा अर्धा धीर जातो. परंतु ज्यांना कंबरदुखी मुळीच नाही अशा लोकांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात विशीतील ३७ टक्के आणि ऐंशीतील ९६ टक्के माणसांच्या गाद्या झिजलेल्या आढळल्या. केस पिकावे तशी गादीही पिकते. म्हणून केवळ चित्रावरून शस्त्रक्रिया ठरत नाही. कोणत्या पायात, कोणत्या पट्ट्यात कळ आहे, कोणत्या बोटाची शक्ती कमी झाली आहे आणि चित्रात दबलेला तंतू तोच आहे काय, या गोष्टींचा मेळ बसला पाहिजे. तो बसतो तेव्हाच शस्त्रक्रियेकडून चांगली आशा धरता येते. पाय न दुखता नुसती कंबरच दुखत असेल, तर ही आशा बरीच कमी होते.

जेथे थांबू नये

काही प्रसंगी मात्र विचार करीत बसण्यास अवकाश नसतो. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरील ताबा सुटणे, बसण्याच्या जागेभोवती बधिरता येणे, किंवा दोन्ही पायांतील शक्ती झपाट्याने जाणे, ही कण्याच्या तळाशी असलेला मज्जातंतूंचा सारा जुडगाच दाबला गेल्याची लक्षणे आहेत. अशा रोग्याला सकाळची वाट न पाहता रुग्णालयात न्यावे. पाऊल उचलेनासे झाले, चालताना चप्पल निसटू लागली, तरीही त्वरित तज्ज्ञ गाठावा. लाजेपायी ही लक्षणे घरात लपविली जातात, विशेषतः स्त्रियांकडून. आणि त्या लाजेची किंमत कधीकधी जन्मभर मोजावी लागते.

जेथे निवड आपली आहे

अशी निकड नसेल, तर निर्णय बव्हंशी रोग्याचा आहे. त्यासाठी दोन प्रयोग लक्षात ठेवण्यासारखे आहेत. पहिला नेदरलँड्समधील असून २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा ते बारा आठवडे तीव्र वेदना असलेल्या २८३ रोग्यांचे दोन गट केले गेले. एका गटाची शस्त्रक्रिया लवकर व्हावयाची होती, दुसऱ्याने थांबावयाचे होते. शस्त्रक्रियेच्या गटाला सुमारे चार आठवड्यांत बरे वाटले, थांबलेल्यांना सुमारे बारा आठवड्यांत. परंतु वर्षअखेर दोन्ही गटांतील ९५ टक्के लोक आपण सुधारलो असे सांगत होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे वर्षभरात शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली, हेही विसरता कामा नये.

दुसरा प्रयोग कॅनडातील असून २०२० साली प्रसिद्ध झाला. जुन्या दुखण्याच्या रोग्याला तो अधिक जवळचा आहे, कारण त्यातील १२८ जण चार ते बारा महिने पायाची कळ सोशीत होते. दहापैकी मोजलेली वेदना आरंभी दोन्ही गटांत आठच्या आसपास होती. सहा महिन्यांनी शस्त्रक्रियेच्या गटात ती २.८ वर आली, दुसऱ्या गटात ५.२ वर.

या दोहोंचा एकत्र अर्थ असा की, आरंभीच्या आठवड्यांत थांबल्याने फारसे काही गमावत नाही. मात्र चार महिने उलटूनही पाय सुधारत नसेल आणि लक्षणांचा व चित्राचा मेळ बसत असेल, तर नुसते अंगावर काढीत राहणे हा शहाणपणा ठरत नाही.

शस्त्रक्रियेच्या मर्यादाही जाणून असाव्यात. तिने पायाची कळ लवकर जाते; बधिरता व अशक्तपणा सावकाश जातो, कारण मज्जातंतूची वाढ दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर होते, आणि काही वेळा तो पुरता जातही नाही. पू होणे, तंतूवरील आवरण फाटणे, त्याच जागी पुन्हा गर येणे हे धोके थोडे असले तरी आहेत. शंभरांपैकी सुमारे पाच ते पंधरा जणांना पुनरावृत्तीला तोंड द्यावे लागते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले जॉन केनेडी यांच्या पाठीवर १९४४ पासून १९५७ पर्यंत चार शस्त्रक्रिया झाल्या. १९५४ मध्ये बसविलेली धातूची पट्टी पू झाल्यामुळे काही महिन्यांतच काढावी लागली आणि त्या दुखण्यात ते मृत्यूच्या दारातून परतले. तरीही पाठीने त्यांना अखेरपर्यंत सोडले नाही. त्यांना ॲडिसनचा विकारही होता. आजचे तंत्र पुष्कळ सुधारले आहे. परंतु मणके पट्टी-स्क्रूने जखडण्याची शस्त्रक्रिया आणि दबलेल्या तंतूवरील तुकडा काढण्याची शस्त्रक्रिया या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हाइतकेच आजही खरे आहे. आपल्याला यांपैकी कोणती सुचविली आहे आणि का, हे स्पष्ट विचारून घ्यावे.

समजा, रांझी भागात राहणारा पंचेचाळिशीचा एक फिटर आहे. सहा महिने त्याचा डावा पाय ठणकत आहे. अंगठा वर उचलण्याची शक्ती थोडी उणावली आहे, औषध व व्यायाम झाले आहेत, रजा संपत आली आहे. चित्रात त्याच बाजूचा तोच तंतू दबलेला दिसतो. अशा माणसाने शस्त्रक्रियेचा विचार गंभीरपणे करावा. त्याच्याच शेजारी राहणाऱ्या वहिनींची कंबर दोन वर्षे दुखते, पाय मात्र धड आहेत, आणि अहवालात तीन गाद्या झिजल्याचे लिहिले आहे. त्यांना व्यायाम, वजनावर ताबा आणि धीर यांचीच अधिक गरज आहे. दोघांचे अहवाल शब्दाने सारखे दिसतील, पण वाट एक नाही.

घराचा वाटा

एकेकाळी जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते. १९५६ साली राज्ये वेगळी झाली, तरी येथील पुष्कळ मराठी घरांचे सोयरेधायरे अजून नागपुरास आहेत आणि मोठे दुखणे आले की पावले तिकडे वळतात. दुसरे मत घेण्यास तेथे अवश्य जावे. परंतु शस्त्रक्रियेसाठी गाव सोडलेच पाहिजे असे नाही. १९५५ साली स्थापन झालेल्या, आज नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे नाव धारण करणाऱ्या जबलपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात मज्जाशल्यचिकित्सेचा नामांकित विभाग आहे, तेथील डॉ. याद राम यादव व त्यांच्या सहकाऱ्यांनी दुर्बिणीच्या साहाय्याने कंबरेच्या गादीवर उपचार करण्याविषयी २०१३ साली शोधनिबंध प्रसिद्ध केला. खर्चाची चिंता असणाऱ्यांनी २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत आपले कुटुंब बसते काय, हे आधी पाहावे. पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे साहाय्य तीत मिळते.

डॉक्टरांकडे जाताना घरातील एकाने सोबत असावे आणि चार प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. माझ्या लक्षणांशी हे चित्र जुळते काय? आणखी दोन महिने थांबलो तर काय बिघडेल? शस्त्रक्रियेने नेमके काय बरे होईल आणि काय होणार नाही? पुन्हा कामावर केव्हा जाता येईल? चांगला शल्यविशारद या प्रश्नांनी रागावत नाही. जो रागावतो किंवा आजच पैसे भरा म्हणतो, त्याच्याकडून उठून दुसऱ्याकडे जाण्यास संकोच करू नये. तंबाखू-विडी सोडणे आणि मधुमेह आटोक्यात आणणे ही कामे मात्र कोणताही निर्णय झाला तरी करावीच लागतील, कारण जखम भरून येण्यात त्यांचा मोठा हात असतो.

सर्वांत शेवटी एक विनंती घरच्या मंडळींना. जुन्या वेदनेच्या रोग्याला आपण नकळत आळशी ठरवितो, आणि मग तो केवळ आपल्यावर विश्वास बसावा म्हणून शस्त्रक्रियेला होकार देतो, किंवा खर्चाचे ओझे नको म्हणून नकार देतो. दोन्ही उत्तरे त्याच्या कंबरेची नव्हेत. त्याला निवांतपणे बोलू द्यावे, त्याचे ऐकावे, आणि मग जो निर्णय होईल त्याच्या पाठीशी साऱ्या घराने उभे राहावे.