उपरे जीव : कॅरिबियनमधला लायनफिश

१९८५ साली अमेरिकेत फ्लोरिडाच्या डॅनिया बीचजवळ समुद्रात एक लायनफिश सापडला. तांबडे-पांढरे पट्टे, ऐसपैस पसरलेले पंख, पाठीवर लांब काटे. हिंद आणि प्रशांत महासागर हे या माशाचे घर. आपल्या लक्षद्वीप-अंदमानच्या प्रवाळांमध्येही तो पूर्वापार राहतो आणि तिथे त्याच्याबद्दल कोणाची तक्रार नाही. अटलांटिकमध्ये मात्र तो कधीच नव्हता.

१९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळात किनाऱ्यालगतची एक मोठी काचेची टाकी फुटली आणि त्यातले सहा लायनफिश समुद्रात गेले, ही हकिकत पुष्कळ वर्षे सांगितली गेली. पण पहिला मासा त्याच्या सात वर्षे आधीच मिळाला होता. घरच्या टाकीत पाळलेले मासे नकोसे झाल्यावर शौकिनांनीच ते समुद्रात सोडले, हे कारण आज बहुतेक अभ्यासक मानतात. अटलांटिकमधल्या लायनफिशची जनुकीय तपासणी केली तेव्हा ही सारी प्रजा मोजक्याच मूळ माशांपासून वाढली असावी, असे दिसले.

त्या मोजक्या माशांचा विस्तार थक्क करणारा आहे. २००० मध्ये ते नॉर्थ कॅरोलायनाजवळ दिसू लागले, २००४ मध्ये बहामात, २००९ मध्ये थेट दक्षिण कॅरिबियनमधल्या बॉनेअर बेटापाशी. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात आणि २०१४ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यावर त्यांची नोंद झाली. मादी वर्षभरात वयात येते. उबदार पाण्यात ती दर दोन-चार दिवसांनी अंडी घालते आणि वर्षाला सुमारे २० लाख अंड्यांची भर टाकते. बुळबुळीत गोळ्यांतून ही अंडी पाण्यावर तरंगतात, पिल्लेही जवळजवळ महिनाभर प्रवाहाबरोबर वाहत राहतात. त्यामुळे एका देशाने आपला समुद्र कितीही स्वच्छ केला, तरी शेजारच्या देशातून नवी पिल्ले येतच राहतात. बहामाच्या न्यू प्रॉव्हिडन्स बेटाजवळ एका हेक्टरात ३९० हून अधिक लायनफिश मोजले गेले. त्यांच्या मूळ समुद्रांत इतकी गर्दी कुठेही आढळत नाही.

शिकारीची पद्धत पाहिली की या गर्दीमुळे इतर माशांचे नुकसान कसे होते ते कळते. लायनफिश पाठलाग करत नाही. पंख पसरून तो लहान माशाला हळूहळू खडकाच्या कोपऱ्यात रेटतो. कधी तोंडातून पाण्याची चिळकांडी त्याच्या दिशेने सोडतो. मासा प्रवाहाकडे तोंड वळवतो आणि डोक्याकडून सरळ गिळला जातो. अटलांटिकमधल्या माशांनी असा शिकारी पिढ्यान्‌पिढ्यांत पाहिलेला नाही, म्हणून ते पळतही नाहीत. अर्ध्या तासात वीस लहान मासे फस्त करणारा लायनफिश पाणबुड्या संशोधकांनी पाहिला आहे. भरपूर खाल्ल्यावर त्याच्या पोटाचे आकारमान तीस पटींपर्यंत फुगते, आणि अन्न मिळाले नाही तर तो कित्येक आठवडे उपाशी तग धरतो.

मार्क हिक्सन आणि मार्क अल्बिन्स या संशोधकांचा २००८ मधला प्रयोग या विषयातला पाया म्हणावा असा आहे. बहामात प्रवाळांच्या लहान लहान पुंजक्यांपैकी काहींवर त्यांनी एकेकच लायनफिश ठेवला, काहींवर ठेवला नाही. पाच आठवड्यांनी पाहिले तर लायनफिश असलेल्या प्रवाळांवर नव्याने वस्तीला येणाऱ्या देशी माशांची भर ७९ टक्क्यांनी कमी झाली होती. पुढे न्यू प्रॉव्हिडन्सजवळ लायनफिश वाढत गेले, तसे २००८ ते २०१० या दोन वर्षांत त्यांचे भक्ष्य असलेल्या देशी माशांचे एकूण वजन ६५ टक्क्यांनी घटले. यात पोपटमाशांची पिल्लेही गेली. पोपटमासे खडकावरचे शेवाळ खरवडून खातात, त्यामुळे कोवळ्या प्रवाळाला चिकटायला जागा मिळते. ते कमी झाले की शेवाळ माजते. पाण्याची वाढती उष्णता आणि रोगराई यांनी आधीच गांजलेल्या कॅरिबियन प्रवाळांवर हा आणखी एक भार आहे, आणि मला तो हलका मुळीच वाटत नाही.

मग लायनफिशला खाणारे कोणी नाही का? हेकरूसारख्या मोठ्या माशांच्या पोटात तो अधूनमधून सापडला आहे. पण त्याच्या अंगावर अठरा विषारी काटे असतात, आणि मोठे हेकरू माणसानेच बेसुमार पकडून संपवत आणले आहेत. काही ठिकाणी पाणबुड्यांनी मेलेले लायनफिश शार्क आणि हेकरूंना खाऊ घालून त्यांना चटक लावण्याचा प्रयत्न केला. त्यातून खाऊच्या आशेने ते माणसांच्याच मागे लागू लागले. ही वाट धोक्याची आहे, ती सोडलेलीच बरी.

उरतो माणूस. फ्लोरिडात लायनफिश पकडण्याला संख्येची वा आकाराची मर्यादा नाही, आणि २०१४ पासून जिवंत लायनफिश आयात करण्यावर तिथे बंदी आहे. ‘रीफ’ या संस्थेने २००९ पासून पाणबुड्यांच्या शिकार-स्पर्धा भरवायला सुरुवात केली. २०१९ मध्ये फ्लोरिडातल्या डेस्टिन इथल्या स्पर्धेत दोन दिवसांत १४ हजारांहून अधिक लायनफिश बाहेर काढले गेले. समुद्रात त्यांची संख्या किती असेल याचा विचार केला की हा आकडा फारसा दिलासा देत नाही. पण स्टेफनी ग्रीन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास निराश होऊ नका असे सांगतो. प्रत्येक प्रवाळभित्तिका किती लायनफिश सोसू शकते, याचा त्यांनी हिशेब मांडला. जिथे वारंवार शिकार करून संख्या त्या मर्यादेखाली ठेवली, तिथे देशी माशांचे एकूण वजन ५० ते ७० टक्क्यांनी वाढले. एकही मासा उरू द्यायचा नाही, असा अट्टहास करावा लागला नाही. शेतातल्या खुरपणीसारखेच हे काम आहे: तण पुन्हा येणार हे ठाऊक असते, तरी खुरपलेल्या वाफ्यात पीक उभे राहते.

अडचण खोलीची आहे. स्कूबावाला साधारण ४० मीटरपर्यंत भाला घेऊन जाऊ शकतो. लायनफिश ३०० मीटर खोलीवरही दिसला आहे, आणि तिथून वरच्या प्रवाळांना पुन्हा पुरवठा होतो. त्यासाठी अमेरिकेच्या ‘नोआ’ या समुद्र आणि हवामान विभागातले शास्त्रज्ञ स्टीव्ह गिटिंग्ज यांनी वेगळा सापळा तयार केला. तळावर उघडे पडलेले जाळे आणि मधोमध उभी जाळीची चौकट. लायनफिशला उभ्या आडोशापाशी जमायची सवय असते. वर ओढताना जाळे मिटते, तोवर इतर मासे ये-जा करू शकतात.

विष काट्यांत असते, मांसात नाही. काटे कात्रीने छाटले की उरतो पांढरा, चवदार मासा. अमेरिकेत तो दुकानांत विकला जातो. बेलिझमध्ये बायका त्याच्या पंखांचे आणि काट्यांचे दागिने करतात. कोळ्याला भाव मिळाला तरच ही शिकार वर्षानुवर्षे चालू राहील, त्यामुळे हा उद्योग मला स्पर्धांइतकाच महत्त्वाचा वाटतो.

हे संकट अटलांटिकपुरतेच नाही. भूमध्य समुद्रात या लायनफिशचा जवळचा भाऊबंद सुएझ कालव्यातून शिरला आहे. २०१२ नंतर सायप्रस आणि लेबनॉनजवळ तो झपाट्याने वाढला.

आपल्याकडे लायनफिश उपरा नाही, पण टाकीतला मासा बाहेर सोडण्याची खोड इथेही आहे. शोभेसाठी आणलेला दक्षिण अमेरिकेचा सकर मासा आज उजनीच्या जलाशयात मच्छीमारांची जाळी फाडतो आहे. तुमच्या घरी काचेची टाकी असेल आणि मासे नकोसे झाले असतील, तर ते दुकानदाराला परत द्या किंवा दुसऱ्या शौकिनाकडे पोचवा. नदीत, तळ्यात, खाडीत किंवा विहिरीत एकही सोडू नका.